येऊ का

उदगिरात चौबाऱ्याच्या अंगाला दादांचं घड्याळाचं दुकान,
आत एक माणूस मावेल एवढं.
बाकीच्यांनी फळीला टेकून उभं राहायचं.

बसलिंगअप्पा शरणार्थ म्हणायचे,
दादाही शरणार्थ.
खय्यूम चाचांच्या सलामाला वालेकुम सलाम
आणि लगेच, "अब्बी नक्को मियाँ, जुम्मे को आव,
स्प्रिंग हैदराबाद से आरी."
दयानंद मास्तरांना जय भीम.
तांड्यावरची झमकूबाई हातभर बलोया वाजवत रामरामी घालायची,
तर दादांची रामरामी तिच्याहून लांब.
बिदरच्या लॉरीवाल्याला "आराम री?"
एवढंच कानडी यायचं त्यांना.
पुढचं सगळं तो बोलायचा
आणि दादा चिमट्यात चाक धरून हौद, हौद.

मी सातवीत होतो. विचारलं, दादा, आपलं कोणतं?
त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.
भिंग लावलेल्या माणसाशी बोलायचं नसतं
हे घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक.

मग बँकेत पुण्याच्या परांजपे मॅडम आल्या.
रस्त्यानं निघाल्या की पानवाला, गिरणीवाला, इस्त्रीवाली,
"कुठं चाललाव मॅडम?"
त्या थांबायच्या आणि खरंच सांगायच्या:
आधी पोस्टात, मग मेडिकलमध्ये, मग घरी.
आठवड्यात अख्ख्या गल्लीला त्यांची अक्कलदाढ माहीत झाली.
दादांना म्हणाल्या, "इथे लोक इतक्या चौकशा का करतात हो?"
"चौकशी न्हाई वो ती. हिकडंच, म्हनायचं अन् चालू लागायचं."
"पण इकडे म्हणजे कुठे?"
दादांनी रस्त्याकडं पाहिलं, दोन्ही बाजूंनी.

घड्याळ मनगटावर बांधून, पैसे मोजून
मॅडम "थँक यू" म्हणाल्या.
रात्री ताटावर बसल्यावर दादा आईला म्हणाले,
"पैसे बी दिल्या अन् थँक्यू बी.
कायतरी चुकलं असंल का गं माझं?"

त्यांना आमचं 'येऊ का' सगळ्यात अवघड गेलं.
"आम्हीही जाते म्हणत नाही, येते म्हणतो.
पण तुम्ही विचारता!
समजा समोरचा म्हणाला, नका येऊ, तर?"
दादा एवढे हसले की भिंग खाली पडलं.
"आजवर कुनी म्हनलं न्हाई."
मग म्हणाले, "पर लगेच या बी म्हनत न्हाईत.
आधी म्हनायचं, बसा की, काय घाई हाय.
त्यानं म्हनायचं, न्हाई, उशीर होलालाय.
तवा म्हनायचं, या."
मॅडमनी पर्समधल्या डायरीत ते लिहून घेतलं,
बसा की. मग या.

लातूरला, दुसऱ्या मजल्यावर,
निळ्या कपड्यातल्या पोरानं स्ट्रेचर लिफ्टपाशी आणलं.
लिफ्टचं दार पायानं अडवून तो म्हणाला, लवकर करा.
दादांनी माझ्याकडं पाहिलं.
मला कधी न विचारलेलं विचारलं,
गिऱ्हाईक विचारतं तसं:
"येऊ का?"
मी म्हणालो, "या."

सरळ या.
एवढं लिहून ठेवणारी पुण्याची बाईसुद्धा चुकली नसती.

आता दुकानात मी बसतो.
घड्याळं कमी, रिमोट जास्त.
बसलिंगअप्पांचा नातू येतो, हाय अंकल म्हणतो,
मी हाय म्हणतो. माझा हाय जरा लांब पडतो.
परवा सेल टाकून दिला,
पोरगं एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर,
मोबाईलमध्ये बघत म्हणालं, येऊ का अंकल?
मी भिंग काढलं.
"बस की," म्हणालो.
त्यानं मान वर केली.
बसायला जागा नव्हती, हे दोघांनाही दिसत होतं.