काकवी

मिरजेत, गच्चीवर, तेलाचं अर्धं कापलेलं पिंप.
कुपवाडच्या वेल्डरनं त्याला चार पाय लावून दिले,
एक आखूड, म्हणून त्याखाली फरशीचा तुकडा.
शलमोन म्हणतो, आई, ह्याला बार्बेक्यू म्हणायचं.
मी म्हणते, शेगडीच ती.

सॉस मात्र मी करायचा, असं ठरलं.
टोमॅटो, किसलेला कांदा, लसूण, व्हिनेगर,
गुऱ्हाळावरनं किटलीतनं आणलेली काकवी
आणि लवंगी मिरची, जी दळताना
गिरणीवाला दोनदा शिंकला,
तिसऱ्यांदा माझ्याकडं बघून.

पहिल्या खेपेला काकवी जास्त.
शलमोन बोट चाटून गप्प बसला, मग म्हणाला,
कोंबडीला साखरपुड्याला न्यायचंय का?
दुसऱ्या खेपेला मिरची.
डोळ्यांतनं पाणी, नाक लाल, तरी म्हणे चालेल, चालेल.
बापावर गेलाय.
न चालणाऱ्या गोष्टींना तेही जन्मभर चालेल म्हणाले.

एकतीस वर्षं मी दवाखान्यात
सलाईनचे थेंब मोजले, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत,
मिनिटाला वीस, मिनिटाला चाळीस.
वाटलं होतं, हेही तसंच मोजू.
पण जीभ घड्याळाला जुमानत नाही.
गोड पुढच्या दारानं येतं, चपला न काढता.
तिखट मागनं येतं,
सगळ्यांची जेवणं झाल्यावर भांडी आपटतं.

खालच्या गल्लीत यासीनभाई सतारमेकर
तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत बसतात.
वास गेला की जिना चढून येतात.
चमचा तोंडात, डोळे मिटलेले.
सिस्टर, सूर लागलाय. जवारी नाही.
मग काय घालू?
घालू नका. घासा.

आता पातेल्यातलं घासायचं कसं?
निम्मा सॉस काढून ठेवला बरणीत,
उरलेल्यात चिंचेचा कोळ, चिमटीभर मीठ,
आणि झाकण ठेवून झोपले.
सकाळी तेच पातेलं, तोच चमचा,
आणि मिरची एका रात्रीत
थोडी वयात आलेली.

तरी चूक झालीच.
सॉस फासला मी सुरुवातीलाच, भरपूर, हौसेनं,
आणि निखाऱ्यावर दहा मिनिटांत
तंगड्या बाहेरनं कोळसा, आतनं कच्च्या.
गोड आधी जळतं.
मिरची तशीच राहिली होती, लालच, त्या काळ्यात.

जळका चिमटा हातात धरून मी उभी,
आणि मला भोसे गावचा तो म्हातारा आठवला,
पुरुषांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसणारा.
मुलाचं कसं आहे, त्यानं विचारलं होतं.
मी म्हणाले होते, होईल हो सगळं ठीक.
नवीन होते. बावीस वर्षांची.
दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला.
खाट धुऊन उन्हात ठेवलेली.
पुडा त्यानं माझ्या टेबलावर ठेवला,
घ्या म्हणाला, आणलेत तर.

पुढं मी आधी खरं सांगायला शिकले, नुसतं,
मीठ-हळदीसारखं, आतपर्यंत मुरेल इतकं सावकाश.
हात धरायचा तो शेवटी.

रविवारी पुन्हा निखारे.
आधी मीठ, लसूण, हळद, आणि वाट बघणं.
हाडाजवळचं मांस सुटायला लागलं
तेव्हा ब्रश घेतला,
तीन मिनिटं एक बाजू, तीन मिनिटं दुसरी.
काकवी चकाकली आणि थांबली,
जळायच्या अलीकडं, एवढंच.

बरणीवर चिकटपट्टी लावली,
तारीख, वेळ, मात्रा, खाली माझी सही.
शलमोन हसला. आई, पेशंट कोण?

यासीनभाईंनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा घेतला,
काही बोलले नाहीत.
रुमालानं बोटं पुसली, एकेक,
कानस पुसतात तशी,
येतो म्हणाले, आणि उतरायला लागले.

आम्ही वर कान देऊन उभे.
एक पायरी. दोन. पाच.
वळणावर थांबले,
आणि मग जिन्यातनं वर आला
एक खोकला,
आणि मागोमाग, वा.