बर्फाची वही

वडिलांच्या वहीत लाइनीचा इतिहास नव्हता.
तारीख, बर्फ किती सेंटिमीटर, गाडी किती मिनिटं उशिरा.
एवढंच. पेन्सिलीनं. एकतीस वर्षं.

इतिहास आजोबा सांगत, तोही साके चढली की:
उत्तर होक्काइडोतला हा रूळ कैद्यांनी घातला,
पायातल्या साखळीसकट, अस्वलांच्या रानातून.
ओकाचे स्लीपर ओले असतानाच ठोकले,
आणि तिसऱ्या बोगद्याच्या भिंतीत
काही माणसं आहेत, ज्यांची नावं
कुठल्याच हजेरीपटावर नाहीत.
बोगदा आला की आजोबा टोपी काढायचे.
आम्ही पोरं खिडक्या लावायचो, धुरासाठी.

मग हेरिंग.
वसंतात किनाऱ्याचं पाणी दुधाळ व्हायचं
आणि वाघिणींच्या फटींतून खवले गळत गळत
पार डोंगरापलीकडे जायचे.
फुमीएकाकू म्हणायची, आपले रूळ चमकतात ते खवल्यांनी.
एका वर्षी मासे आलेच नाहीत.
वाळत घातलेली जाळी वाळतच राहिली.

कोळसा आला, कोळसाही गेला.
शाळेची मुलं उरली: अकरा, सात,
शेवटी एकटा कानेमारूंचा धाकटा.
तोही बसने जाऊ लागला.

शेवटच्या दिवशी मात्र काय गर्दी!
कुठकुठली माणसं, गळ्यात कॅमेरे.
एक बाई तर हमसून रडत होती.
वडील फावड्याला टेकून मला हळूच म्हणाले,
"किनुए, ही सगळी मंगळवारी कुठे असतात गं?"
त्या रात्री वहीत: बर्फ एकसष्ट. गाडी वेळेवर.

रूळ उचलून नेले. भंगाराला भाव बरा होता म्हणे.
स्लीपर ज्याला हवे त्यानं नेले;
आमच्या कोबीच्या वाफ्याला चार आहेत,
ऊन तापलं की खिळ्यांच्या भोकांतून
अजून डांबर पाझरतं.

वडील त्यानंतरही सहा वर्षं
पहाटे पट्टी घेऊन फलाटावर जात.
कशाला, ते मी विचारलं नाही.

परवा वही उघडली.
गाडी चौदाशे चाळीस मिनिटं उशिरा.
दुसऱ्या दिवशी अठ्ठावीसशे ऐंशी.
मग त्रेचाळीसशे वीस.
पानामागून पान, रोजची बेरीज.

एका फेब्रुवारीत ते हातचा विसरलेत.
तिथून पुढे गाडी
हजार मिनिटं आधी आहे.
मी खोडलं नाही.