शंभर मीटर म्हणजे एकाहत्तर

मास्टर सार्जंट किंकेड म्हणाला, फक्त डावा पाय मोजायचा.
मैदानात शंभर मीटरचा दोर टाकलेला.
आम्ही तीनदा चालत गेलो, तीनदा परत आलो
आणि सरासरी काढली, प्रयोगवहीत काढतात तशी.
उंच टेव्हिनची एकसष्ट. माझी एकाहत्तर.
हा आकडा पाठ कर, हाउगेन, म्हणाला,
आईच्या वाढदिवसासारखा.
(आईच्या वाढदिवसासाठी मला फोनमध्ये बघावं लागतं.)

पहाटे साडेपाच. फार्गोत उणे एकोणीस.
जिममागच्या पटांगणात
आमची वाफ आमच्याआधी रांगेत उभी.
ब्रिएल, माझी रूममेट, झोपेतच पुटपुटते, दार हळू लाव.
रोज मी ते हळू लावते. रोज ते वाजतं.
खोलीपासून जिमपर्यंत डाव्या पायाची तीनशे बारा,
तिथून केमिस्ट्रीच्या लॅबपर्यंत दोनशे सहा,
बर्फ असेल तर दोनशे तीस.
एकदा लागलेली सवय सुटत नाही,
परवा चर्चमध्ये कम्युनियनच्या रांगेतही
मी मोजत पुढे सरकले.

गुरुवारी गणवेश, दिवसभर.
गुरुवारी वर्गात शेजारी कुणी बसत नाही,
नाहीतर मुद्दाम येऊन बसतं.
इतिहासाचे प्राध्यापक कुठल्यातरी जुन्या लढाईवर बोलता बोलता
क्षणभर माझ्याकडे बघतात,
जणू पुढचं मीच सांगणार आहे.
मला येतं ते एवढंच :
बाही कशी दुमडायची,
बुटाची नाडी कशी आत खोचायची.

किराणा दुकानात निळ्या कोटातली एक बाई
माझ्या ब्रेडचे पैसे देऊन टाकते.
थँक यू, म्हणते, तू जे करतेस त्याबद्दल.
मी काय करते?
मी इस्त्री करते. उकडलेली अंडी खाते.
शिष्यवृत्तीवर जगते
आणि पावलं मोजते.
हे सांगायला तोंड उघडेपर्यंत ती दाराबाहेर.
ब्रेड मी टेव्हिनला दिला. का, ते सांगितलं नाही.

टेव्हिन मार्चमध्ये गेला, सहीच्या आदल्या दिवशी.
गाठींची दोरी त्याने सामानखोलीच्या खिडकीत ठेवली,
नीट गुंडाळून.
वाईट कुणी बोललं नाही. चांगलंही नाही.
दुसऱ्या दिवशी रांगेत त्याच्या जागेवर फट,
मग हुकूम झाला आणि आम्ही सगळे
एक पाऊल डावीकडे सरकलो.
ते एक मी मोजलं नाही.

माझी सही झाली. मागे झेंडा, टेबलावर डोनट.
माझं पेन चालेना, किंकेडने स्वतःचं दिलं.
कागदावर आठ वर्षं.
आठ वर्षांची डावी पावलं किती,
गुणाकार मनात सुरू केला, अर्ध्यावर सोडला,
डोनटची साखर बाहीला लागली होती.

मे महिन्यात घरी. बिटाची पेरणी नुकती आटोपलेली,
जमीन तळहातासारखी सपाट, रेघाही तशाच.
बाबा कडेला उभे.
कुठे पाठवतील तुला?
माहीत नाही, म्हटलं.
त्यांनी टोपी काढली, परत घातली.
मग म्हणाले, बरं, हे शेत किती लांब आहे सांग.
चाळीस वर्षं ते हे नांगरतायत,
त्यांना ते फुटाफुटाने ठाऊक.
तरी मी चालायला लागले, खिशातल्या दोरीला गाठी मारत,
आणि तेही निघाले, उजवा गुडघा धरलेला तरी.
दोघं गप्प. दोघांचे ओठ हलताहेत.

पार टोकाला, पाण्याच्या चरापाशी,
मी म्हटलं, पाचशे एकाहत्तर.
ते म्हणाले, बाराशे चार.

बाबा, फक्त डावा मोजायचा असतो.

त्यांनी चरातल्या पाण्याकडे बघत गुडघा चोळला.
उजवाही चाललाच की, म्हणाले.