चोवीस ग्रॅम

डाग तिच्या आईने पाहिला, मी नाही.
उजव्या खांद्याच्या खोबणीत, पिकल्या जांभळाचा रंग,
कडेने हिरवट पिवळा; म्हणजे कालचा नव्हे.
"दप्तराचा पट्टा," ऋजुता म्हणाली.
दप्तर ती डाव्या खांद्याला अडकवते.

दुसऱ्या दिवशी देवगडहून पहिली गाडी, सावंतवाडी.
पेडणेकरांच्या काउंटरवर मी परवाना ठेवला.
त्यांनी तो उघडलाच नाही.
"पोरीचं वजन?"
एकोणचाळीस किलो. भिजली तर चाळीस.
हसले नाहीत.
"आणि काडतूस कुठलं देता?"
बत्तीस ग्रॅम, मी म्हणालो,
माझ्याच कपाटातलं, कलमांच्या राखणीचं,
डुकरासाठी आणलेलं.

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मग म्हणाले, जेवढं शिसं पुढे जातं
त्याचा हिशेब खांद्याला मागे द्यावा लागतो.
अठ्ठावीस नको. चोवीस घ्या.
आणि खोक्यावरचा वेगाचा आकडा बघून भुलू नका,
मंद बघा, सगळ्यांत मंद.
चकती म्हणजे काय डुक्कर आहे?
मोहरीएवढे चार छर्रे लागले की तिचं पीठ.

मी विचारलं, मग हलकीशी वीस बोअर घेऊ का तिला?
"हलकी बंदूक जास्त लाथ मारते. तुम्ही समुद्राकाठचे ना?
भरलेली होडी लाटेवर कमी उडते, की रिकामी?
जडच असू दे. दस्ता तेवढा बोटभर कापून घ्या,
तिचा हात तुमच्याएवढा नाही."

चार ग्रॅम, सहा ग्रॅम, आठ.
बहिणीच्या कानातल्या कुड्या चार ग्रॅमच्या.
एवढ्याशाने काय होणार, वाटत राहिलं,
आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली:
आमच्यात पानात वाढताना हात आखडत नाहीत.
निघताना त्यांनी एक फुसकं काडतूस हातावर ठेवलं,
फुकट. "हे मध्येच भरा. तिला सांगू नका."

सड्यावर वारा खारा, कातळ तापलेला,
पवनचक्क्या आपल्याच नादात.
बाबल्या यंत्राच्या खड्ड्यात दोरी धरून बसलेला.
मी पाठ करून दुनळी भरली, तिच्या हाती दिली.
"सोड!"
नारिंगी चकती उठली, समुद्राकडे निघाली.
खट्.
आवाज नाही, धूर नाही,
तरी नळी चार बोटं खाली गेली
आणि तिचे डोळे गच्च मिटलेले.
चकती धड, लांब गवतात जाऊन पडली.

ती माझ्याकडे बघत राहिली.
रडेल असं वाटलं. रडली नाही.
"आता तुमी," म्हणाली,
आणि पाठ करून तिने माझ्यासाठी भरली.

मला माहीत होतं ती काय करणार आहे.
फुसकं ते एकच, तेच भरणार, याची खात्री होती.
"सोड!"
खट्.
आणि माहीत असूनही
माझीही नळी खाली. माझेही डोळे.
खड्ड्यातून बाबल्या फिस्सकन् हसला.
बावीस वर्षं कलमांच्या सावलीत
मी नेमका कशावर बार टाकत होतो, देव जाणे.

मग नवं खोकं फोडलं.
पहिली चुकली. दुसरी चुकली.
तिसरीला बंदूक तिच्या गालाशी तशीच राहिली,
खांदा नुसता हलला, कुणी हाक मारून थोपटल्यासारखा,
आणि निळ्यावर काळा धूळगोळा,
वाऱ्याने तिरका होत गेलेला.

या आधीही तिने फोडल्या होत्या, पाचपन्नास.
वहीत नोंद आहे, माझ्याच अक्षरात.

बंदूक मोडून हातावर टाकली तिने,
कातळावर घरंगळलेलं कोमट टरफल उचललं, हुंगलं.
"मामा," म्हणाली, "फुटताना बघलंय मी.
आजपर्यंत तुमी सांगलात म्हणून कळायचा."

बत्तीसची उरलेली सात काडतुसं कपाटात आहेत.
डुकरं येतात अजून.
मी मात्र आता बार टाकण्याआधी
स्वतःच्या पापण्यांवर नजर ठेवतो.