पेडगाव, हॅलिफॅक्स

तळघरात, लिनन-रूमच्या शेजारी
आठ खुर्च्या आणि एक हेडसेट.
ट्रेनिंगवाली इमोजेन दर माणसामागे
त्याचा फोम अल्कोहोलच्या फडक्यानं पुसते.
"मळमळलं तर हात वर करा," म्हणते.
वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलेल्या बाईला
मळमळ सांगतेय.
मी चष्मा काढते, अंबाडा सैल करते, पट्टा आवळते.

आणि आहे तिथेच की मी.
आमचीच वेटिंग रूम, म्हणजे तसलीच,
निळ्या खुर्च्या, बंद पडलेलं चॉकलेटचं मशीन.
फक्त या खेपेला काचेच्या आत नाही, बाहेर.
खाली पाहिलं तर हात माझे नव्हते:
गोरे, नखं कुरतडलेले,
मनगटाला कागदी पट्टी.

आधी कुजबुज डाव्या कानामागून.
मग उजव्या. मग दोघं आपसांत,
माझ्याबद्दल, मी नसल्यासारखं.
बघ कशी बसलीय. बघ, आता पाय हलवेल.
मी पाय हलवला.
बघ.

सगळं इंग्रजीतच होतं, यॉर्कशरच्या हेलात,
पण मला ऐकू आलं ते मिरजेच्या मराठीत.
आवाजांना व्हिसा लागत नाही.

मग काचेमागची नर्स.
तिनं मान वर केली नाही. पेन दोनदा टिकटिकवलं.
शेजारणीला म्हणाली, हळूच,
पण त्या बाजूला हळू असं काही नसतंच:
"आली परत."

हे शब्द माझे आहेत.
डोरीन ओल्डरॉइड आली की मी म्हणते ते.
दर पंधरवड्याला, गुरुवारी रात्री,
जांभळा कोट, पिशवीत मांजराचं खाणं,
छातीत दुखतंय म्हणते, ईसीजी स्वच्छ.
फाइलीत वरती जुनं निदान,
म्हणून खालचं कुणी वाचत नाही.
एकदा मीच जिन्सीला सांगितलं,
आमच्याकडे म्हण आहे, वेड पांघरून पेडगावला जाणं.
अर्थही समजावला. दोघी पोट धरून हसलो.
तेव्हापासून, "सिस्टर, बे चारमध्ये पेडगो."
कोट्टयमच्या जिभेला तेवढंच जमतं.

अकरा मिनिटं.
पट्टा सुटला तेव्हा कपाळावर वळ होता.
"कसं वाटलं? एक ते पाच?"
मी तीनवर गोल केला.
ऑर्थोपेडिक्सचा रजिस्ट्रार म्हणाला, ग्राफिक्स बरे आहेत.

लॉकरमध्ये माझी मल्टिव्हिटॅमिनची बाटली आहे.
लेबलवर संत्र्याचं चित्र.
आत व्हिटॅमिन नाहीत.
तीन वर्षं झाली. नवऱ्याला माहीत आहे, जिन्सीला नाही.
सकाळी एक गोळी, वर शहाणपण पांघरायचं,
गळ्यात ओळखपत्र,
आणि मीही निघते कुठल्यातरी पेडगावला.

यंत्रानं मला बदललं, असं काही म्हणणार नाही.
खेळणंच ते, काढून ठेवता येतं.
डोरीननं कुठला पट्टा सोडवायचा?

गुरुवारी ती आली, कोटावर गारा घेऊन.
मी खुर्ची काचेबाहेर नेली, तिच्या शेजारी.
"आत्ता बोलताहेत का ते?"
इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या तोंडून पहिल्यांदा.
तिनं मला नीट न्याहाळलं.
"तुला बरं नाही का गं?" म्हणाली.

उत्तर जिभेपर्यंत आलं,
संत्र्याच्या चित्रापाशी अडलं.
मांजराचं नाव विचारलं मी. ग्लॅडिस.
मग छातीत कुठे दुखतं ते विचारलं,
आणि तिनं बोट ठेवलं तिथे
पहिल्यांदाच हात लावून पाहिलं.

आतून जिन्सी ओरडली, "कोण आहे, सिस्टर?"
"ओल्डरॉइड. डोरीन ओल्डरॉइड."
क्षणभर शांतता.
"म्हणजे पेडगो?"

दिलेली म्हण
परत कशी मागतात?