पेन्सिलीची जाडी

निकोसियात, पंखा बंद पडलेल्या खोलीत
पेयकर बीटाची किंमत ठरवते आहे.
बीटा म्हणजे अनिश्चिततेला जोडलेलं एक शेपूट:
फार निरखून बघायला गेलात
तर बघण्याच्याच धक्क्याने जागा पुन्हा विस्कटते.
एका मापाखाली विचारायचंच नाही.

तिला हे नवं नाही.
वडील मोजणी खात्यात होते.
हिरव्या पेन्सिलीने कुणीतरी शहर कापलं,
आणि पेन्सिल बोथट होती.
नकाशावर तसूभर, जमिनीवर आख्खी गल्ली.
रेघेच्या जाडीत एक बेकरी आली, दोन अंगणं,
एव्दोकियाबाईंचं लिंबाचं झाड.
ते इकडचं की तिकडचं?
वडील साखळी घेऊन गेले.
शिपायाने चहा पाजला आणि परत पाठवलं.

कृष्णविवर आटत जातं, आटताना तापत जातं,
जुन्या हिशेबात शेवटी काहीच उरत नाही.
तिच्या हिशेबात उरतं.
गुरुत्वाकर्षणाचा नियम इकडून वाकवला, तिकडून वाकवला,
तरी उरतंच: एक मुका खडा,
ज्याच्यापुढे धुळीचा कण म्हणजे डोंगर.
काय काय गिळलं, सांगत नाही.
झाकली मूठ.

परीक्षकाचं पत्र आलंय: बीटा आणलात कुठून?
मोजून दाखवा.

ती खिडकी उघडते.
पिंपं, तारा, वाळूची फाटकी पोती.
त्यांच्या पलीकडे लिंबं पिवळी होऊन लोंबताहेत,
तोडायला कुणी जात नाही.
एक पडतं.

आवाज इकडे ऐकू येतो.