टेपमधला दोष

मी कलावंत नाही. वायरी ओढतो.
हिवाळ्यात बर्फ हटवतो, उन्हाळ्यात,
म्हणजे आमच्याकडे जे सहा आठवडे असतात त्यांत,
जो जे सांगेल ते.

त्या वर्षी रेकयाविकहून स्टेनवोर आली.
बावीस लाकडी पिंपं, पिंपागणिक दोन कंपक,
आणि सात रिळं: बासष्ट सालची एक अख्खी रात्र.
मासा हा फ्योर्ड सोडून गेला त्याच्या आधीची.
धक्क्यावर हेरिंगच्या राशी, चाळीस बायका, सुऱ्या,
मिठाची फावडी, शिव्या, कुणाचं तरी न आवरणारं हसू,
आणि पिंप भरलं की चढ्या पट्टीत हाक,
तुन्ना! तुन्ना!
म्हणजे हे भरलं, दुसरं आणा.

जुन्या शेडमध्ये पिंपं मांडली.
"कान विसरा," ती येणाऱ्याला सांगे, "पोट टेकवा."
लोक टेकवायचे. जर्मन पाहुणे डोळे मिटायचे.
माझ्या मेहुण्याला मळमळलं.
मलाही काहीतरी झालं, खोटं कशाला बोलू,
बरगड्यांखाली कुणी मीठ चाळतंय असं.

टेपमध्ये एक दोष होता.
धप्प.
मग बऱ्याच वेळाने पुन्हा, धप्प.
मायक्रोफोनला कुणाचा पाय लागत असणार,
स्टेनवोर म्हणाली, आणि तीन रात्री जागून
एकेक धप्प काढला,
पोराच्या घासातला काटा काढावा तसा.

चौथ्या दिवशी आस्लॉइग आली.
चौऱ्याऐंशी वर्षांची, जन्मापासून बहिरी.
सगळ्या गावाला ठाऊक. तिकिटावरच्या पोराला नव्हतं,
तो तिला मोठमोठ्याने समजावत राहिला.

तिने पोट टेकवलं नाही.
कमरेत मोडली आणि अर्धी पिंपात उतरली,
डोकं, खांदे, दोन्ही हात.
तळचा थर असाच लावतात.
टाचा जमिनीवरून सुटलेल्या.
आत हात चालू लागले:
मासा, मीठ, मासा उलटा, मीठ.
पिंप रिकामं होतं.
हात रिकामे नव्हते.

अंगवळणी पडणं म्हणतात ते हेच असेल.
रस्ता केव्हाच उखडला,
वळण अंगात.

वर आली ती रागावून.
माझ्या कानामागची पेन्सिल ओढली,
खिशातलं वीजबिल ओढलं, पाठीवर लिहिलं:
मी कुठे आहे?

स्टेनवोरला कळेना.
बाकीच्या ओरडायच्या, तिने लिहिलं.
मला कुठे ओरडता येतं?
आणि कोपर मागे घेऊन पिंपावर हाणलं.

धप्प.

शेड गप्प झाली. म्हणजे शेड वाजतच होती,
गप्प आम्ही.

खाली बारीक अक्षरात आणखी होतं:
भरल्या पिंपाला एक बिल्ला.
मुकादम बुटात टाकायचा. वाजतो म्हणत.
मला नडगीवरून गार घसरत गेलेला कळायचा.
त्या रात्री एकोणीस गार.

स्टेनवोरने काही टाकून दिलं नव्हतं, नशीब.
"कचरा" नावाच्या फोल्डरात सगळे धप्प होते.
एकेक जागच्या जागी बसवताना
ती माझ्याकडे बघत नव्हती. मी वायर धरून उभा.
मोजले. अठरा.
पुन्हा मोजले.
एक रीळ बदलताना गेला असेल.

आस्लॉइग दुसऱ्या दिवशी आली, तळहात ठेवून उभी राहिली,
आणि धप्प आला तशी मान हलवली,
हजेरीला हलवतात तेवढीच.

सप्टेंबरात सगळं उतरवलं. पिंपं बर्गनला गेली.
तिथे कुणीतरी पोट टेकवत असेल
आणि एक मुलगी कोपराने त्याला सांगत असेल:
हे भरलं, दुसरं आणा.
अठरा वेळा.

एकोणिसावा माझ्याकडे आहे,
वीजबिलाच्या पाठीवर, पेन्सिलीने.
ते बिल भरायचं राहिलं
ते राहिलंच.